जपून चालवलेली गाडी

फाटकातून बाहेर पडताना गाडी पुन्हा थरथरली आणि घड्याळजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सगळे म्हणजे मागच्या सीटवरची त्यांची लेक, जिचे दिवस भरत आले होते, आणि शेजारी बसलेली त्यांची बायको. ती शाळेत पीटी शिकवायची, त्यामुळे गल्लीत आणि घरातही तिला सगळे 'बाई'च म्हणत. शिट्टीशिवाय अख्खं मैदान रांगेत उभं करणारा बाईंचा आवाज, पण नवऱ्याचा हात वर गेला की त्याही मुकाट्यानं बसत.

"ऐकलंस? तीन ठोके नीट पडले, चौथा गाळला."

"अहो, मला फक्त मागून हॉर्न ऐकू येतायत," बाई म्हणाल्या.

गाडी सेकंडहँड होती आणि हायब्रिड होती. थोडी बॅटरीवर चालायची, थोडी पेट्रोलवर, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवायची. बाईंना साधी गाडी हवी होती. पण बॅटरीवर ही गाडी आवाजच करत नाही म्हटल्यावर घड्याळजी विरघळले. लेक बाळंतपणाला माहेरी येणार, दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा तिला पोटातलं पाणी न हलता नेऊ, असा शब्द त्यांनी लेकीला आणि परगावी नोकरी करणाऱ्या जावयाला दिला होता. आता डॉक्टरांनी सांगितलेली तारीख तोंडावर आली होती आणि गाडीचं इंजिन ठोके गाळत होतं. नेमकी वाटेत बंद पडली तर? या विचारानं घड्याळजींचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

त्यांनी उपायात कसूर केली नव्हती. आयुष्यभर चिमट्यानं घड्याळातली चाकं उचललेला माणूस तो. यंत्रावर जोर करायचा नाही, हा त्यांचा धर्म. ते बॅटरीचं बटण दाबून गोगलगायीच्या चालीनं जात. इंजिन सुरू व्हायची पाळी आली की त्यांचा जीव वरखाली होई, आणि ते जरा कुठे सुरू होतंय तोवर दुकान येई.

"अहो, सायकलवाले पुढे गेले," बाई म्हणत.

"जाऊ देत. त्यांना इंजिनाची काळजी नाही."

शेवटी त्यांनी मेकॅनिक गाठला.

"सुरू करा काका."

"सुरूच आहे."

"मग आवाज?"

"तो तिच्या मनावर आहे."

बॅटरी भरलेली होती, त्यामुळे इंजिनाला उठायचं काही कारण नव्हतं. मेकॅनिकनं एसी लावला, दिवे लावले आणि दोघं बॉनेटपुढे हात बांधून उभे राहिले. बऱ्याच वेळानं इंजिन उठलं आणि लोण्यासारखं चाललं. डॉक्टरपुढे गेल्यावर दुखणं पळावं, तसं. घड्याळजींना अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण स्कॅनर लावल्यावर जुनी नोंद सापडली. "दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, मधेच पेटत नाही," मेकॅनिक म्हणाला. त्यानं दोन नंबरची, ठिणगी पुरवणारी कॉइल तीन नंबरला लावली. कॉइल खराब असेल तर दुखणं तिच्याबरोबर तिकडे जाईल, हा हिशेब. पुढच्या खेपेला दुखणं तीनवर नव्हतंच, ते एकवर गेलं होतं. मग प्लग काढले, तर चारही तव्याच्या बुडासारखे काळे. नवे घातले. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा हात वर, पुन्हा सगळे गप्प.

"फार पळवता का काका?"

"छे! आणल्यापासून चाळीसच्या वर काटा गेलेला नाही."

"आणि पेट्रोल?"

"आधीच्या मालकानं भरून दिलं होतं, तेच पुरवतोय अजून," घड्याळजी अभिमानानं म्हणाले.

"एवढं जपून कोणी चालवत नाही हो," मेकॅनिक म्हणाला आणि आदरानं पुन्हा प्लग उघडायला लागला.

त्याच आठवड्यात बाई डबा घेऊन दुकानात गेल्या, तेव्हा घड्याळजी एका गिऱ्हाइकाला झापत होते. त्या गृहस्थाच्या वडिलांचं घड्याळ होतं. किल्लीचं नव्हे, हाताच्या हालचालीवर चालणारं.

"तिसऱ्यांदा बंद पडलं म्हणता. ठेवता कुठे?"

"कपाटात. वडिलांची आठवण आहे, खराब व्हायला नको."

"अहो, म्हणूनच पडतंय! घाला ते हातात. कामं करा, जिने चढा. जपून ठेवलेलं यंत्र आतल्या आत आखडतं, एवढं कळत नाही?"

गृहस्थ खाली मान घालून गेला. बाहेर गाडीवर दोन चादरी घातल्या होत्या. बाईंनी चादरींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा उघडला.

आणि ऐन दुपारी लेकीच्या कळा सुरू झाल्या. टॅक्सीवाल्यानं यायला तासभर लागेल म्हणून सांगितलं. घड्याळजींनी चादरी काढल्या, नीट घड्या केल्या आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशीच इंजिन उठलं आणि गाडी गदगदा हलली. सवयीनं त्यांचा हात वर गेला.

"बाबा, हात खाली घ्या," लेक दातांतून म्हणाली. "मी ओरडणार आहे."

ती ओरडली. चढावर गाडी आणखी हलायला लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि घड्याळजींनी गाडी कडेला घेतली.

"एकच मिनिट. बॉनेट उघडून फक्त ऐकतो."

बाई उतरल्या, वळसा घालून आल्या आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"सरका."

हा आवाज मैदानावरचा होता. घड्याळजी सरकले. बाईंनी बॅटरीचं बटण बंद केलं आणि पाय दाबला. इंजिन खोकलं, मागे काळा धूर सुटला, गाडीनं दोन गचके खाल्ले. बाईंनी पाय आणखी दाबला.

"अगं, साठ! अगं, ऐंशी! अगं, तिला त्रास होईल!"

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी वळून मागे पाहिलं. त्यांची त्यांनाच लाज वाटली. मागे लेक धापा टाकत होती. इतके दिवस तिला मागे बसवून त्यांनी इंजिनाचाच श्वास मोजला होता. त्यांनी मागे हात केला, लेकीनं तो असा आवळला की बोटं कळवळली, पण त्यांनी सोडवून घेतला नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, ठोके चारही पडत होते. 

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात नात झाली. दोघीही सुखरूप होत्या. घड्याळजी बाकावर बसून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी ते धास्तावून मेकॅनिककडे गेले. बाईंनी इंजिनाचं काय काय मोडलं असेल, ते बघायला. मेकॅनिकनं प्लग काढून उजेडात धरले. प्लग स्वच्छ होते.

"काका, काय औषध दिलंत?"

"बायकोनं पळवली."

मेकॅनिकनं एक प्लग बोटानं घासून पाहिला. "इंजिन नीट तापतच नव्हतं म्हणजे. नुसतं धुमसत होतं, काल तापलं तशी काजळी जळून गेली," तो हळूच म्हणाला. "आणि पेट्रोलही शिळं झालंय काका. संपवा ते आणि ताजं भरा."

घड्याळजी दुकानात येऊन बसतात तोच परवाचा गृहस्थ दारात उभा. हातात घड्याळ, चेहरा पडलेला.

"पुन्हा बंद पडलं. घालायला धीरच होत नाही हो. रागावू नका."

घड्याळजींनी घड्याळ हातात घेतलं. रोजचं ठरलेलं बोलणं ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

"होतं असं," ते म्हणाले. "जीव लावला की होतं."

त्यांनी घड्याळ हलवून सुरू केलं आणि स्वतः गृहस्थाच्या मनगटावर बांधलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून बाईंचा आवाज दुकानभर ऐकू आला.

"लवकर या, बाळ डोळे उघडून बघतंय. आणि हो, पळवत या!"

घड्याळजी उठले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

"माफ करा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "मला जरा घाई आहे."

गृहस्थानं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या एकेका घड्याळाकडे. घाई त्यातल्या एकालाही नव्हती.