अंगठ्याची चुगली

स्वस्थ बसण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! आमची ही लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. रोज फोनवर विचारते, "अहो, करमतंय ना?" मी ठणकावून सांगतो, "एकदम मजेत! राहा हवं तेवढं!" फोन ठेवला की घर खायला उठतं, पण बोलणार कोण?

अशात कळलं, मेंदूच्या प्रयोगाला शांत माणसं हवीत. गेलो की!

संशोधक पोरीने खुर्चीत बसवलं, अंगठ्यापाशी तारा चिकटवल्या. "काका, चुंबकाचं हे वेटोळं डोक्यावर धरलं की अंगठा आपोआप उडेल. किती उडतो ते आधी मोजू. मग ठरावीक तालात बारीक ठोके देऊ. या तालाने मेंदूचा अंगठा हलवणारा भाग थंडावतो, म्हणजे नंतर अंगठा कमी उडायला हवा. तुम्ही फक्त हात सैल सोडा."

"अगं, त्यात आपण उस्ताद!"

मोजणी झाली. टकटकटक, टकटकटक, ठोके झाले. थोड्या वेळाने पुन्हा मोजणी, आणि अंगठा टुणकन उडाला! पडद्यावरची रेघ पार वर!

"अय्या, उलटंच झालं!" पोरगी घाबरली. तारा पुन्हा चिकटवल्या. मशीनवाल्याने मशीन उघडलं. मोठ्या मॅडम धावत आल्या. मी आपला फुशारून बसलेलो. आपला मेंदू म्हणजे काय साधासुधा!

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आत्ता मनात काय चाललंय?"

"काही नाही. मटार सोलतोय."

"काय?"

"मनातल्या मनात हो! हात सैलच आहे. ही समोर बसते, मी अंगठ्याने शेंग फोडतो, निम्मे दाणे हीच खाते. मी ओरडतो, ही हसते..."

"अहो, अंगठ्याचं काम नुसतं मनात आणलं तरी मेंदूचा तोच भाग जागा होतो! आम्ही त्याला झोपवतोय आणि तुम्ही गदागदा हलवताय! दुसरं काहीतरी आठवा."

मी भिंत आठवली. कोरी, पांढरी भिंत. तर भिंतीला टेकून ही बसलेली, पुढ्यात मटार! टुणकन!

"काका, तुम्हाला प्रयोगात नाही घेता येणार," पोरगी हळूच म्हणाली.

बाहेर येऊन तडक फोन लावला. "अगं, ये परत. नाही करमत मला तुझ्याशिवाय. इथे मशीनवर दिसलंय!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "हे आधी बोलायला काय झालं होतं? कालच तिकीट दोन महिने पुढे ढकललं ना हो!"

"राहा, राहा," मी म्हटलं, "मजेत आहे मी."

काय करणार, जिभेला सवयच लागलीय!