फण्यावरचं स्टेशन

“मलकापूरची रेल, धूर सोडते वरवर, शेषरावाचं नाव घेते, रेल येऊ द्या दारावर.”

लग्नात रुखमाबाईनं घेतलेला हा उखाणा शेषरावांच्या कानात अजून घुमत होता. अख्खा मांडव हसला, पण नवरदेवानं मनातल्या मनात शब्द देऊन टाकला. त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव पुन्हा ओठावर आणलं नाही, आणि रेल्वेही मलकापूर सोडून आत आली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं, मोताळ्याच्या बाजूनं नव्या लायनीची मोजणी निघाली आणि शेषरावांच्या पायाला भिंगरी लागली. आज या कचेरीत, उद्या त्या. आराखड्यात पैसा धरला होता एकाच थांब्याचा. जो राजीखुशीनं जमीन देईल, त्याच्या शेतात थांब्याची खुंटी. शेवटी मोजणीच्या मोठ्या साहेबालाच गाठू म्हणून ते एस.टी.नं बुलढाण्याला निघाले. एस.टी. धापा टाकत घाट चढत होती, तेव्हा साहेबाची जीप घाट उतरून त्यांच्याच शेतात येऊन थांबली.

साहेब पुण्याकडचे. शेत कोणाचं, त्यांनी विचारलं. रुखमाबाई म्हणाली, घरच्यायचं. त्यांचं नाव? तिनं पदर दातात धरला.

“ज्याच्या फण्यावर पृथ्वी उभी हाये, थेच नाव समजा जी.”

“नाग? म्हणजे नागोराव?”

“त्याहून मोठा.”

साहेबांनी शेतात खुंटी ठोकवली, तिच्यावर लाल रंगानं लिहवून घेतलं : नागोराव मोठे. तेवढ्यात शेळ्या हाकत नाल्यापल्याडचे म्हातारे नागोराव आले. नागोराव मीच, पण माझं शेत पलीकडे, असं त्यांनी खरं तेच सांगितलं. रुखमाबाई “थे नाही जी” म्हणत राहिली. “मग कोण?” म्हटलं की पुन्हा पदर दातात. खुंटी उपटली गेली आणि नाल्यापलीकडच्या खडकात ठोकली गेली.

सांजच्याला शेषराव परतले ते वाटेतच सारं ऐकून, तापूनच.

“काऊन व, एवढं एक नाव घेता आलं नाही तुले?”

“लग्नात घेतलं होतं न. तवापासून घरात बसले काय तुम्ही?”

सकाळी ते जीपला आडवे झाले. साहेब म्हणाले, बाईंनी नाव सांगावं, मी खुंटी हलवतो. गाव गोळा झालं. शेषराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. रुखमाबाई पुढं आली. डोईवरचा पदर तिनं नीट केला, दातात मात्र धरला नाही.

“यायचं नाव शेषराव हाये जी. रेल कुठंबी थांबवा; माह्या शेषरावले आता घरी थांबू द्या.”