न घडलेल्या पोटभर जेवणाची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न असो. नसल्यास तिची मर्जी. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदेस सरकारी विणकरखान्यातील सातशे कामकरी पोटभर जेविले. ऐसे काही जाहले नाही, हा हुजूरचा निवाडा आहे. सबब ते सोडोन बाकीची हकीकत लिहितो.

कैलासवासी थोरल्या महाराजांनी वचन दिधले होते की, राज्य आहे तोवर दर कामकऱ्यास रोज एक पळी खिचडी सरकारातून मिळेल. राजवचन मोडता येत नाही. मग दर पाडव्यास नवी पळी घडवावी, आणि जुनी वितळवावी, आणि नवी अंमळ लहान असावी, ऐसा शिरस्ता पडला. पळी घडविणार हैबतजी तांबट. त्याच्या आज्याने घडविलेली पहिली पळी इतकी थोर की तीत तान्हे मूल न्हाऊ घालावे. ती वितळवायची राहोन गेली आणि घरी तीत कोंबड्या अंडी घालीत. यंदा मुदपाकखान्याचे कारभारी विसाजीपंत यांनी मोहरीचा दाणा पुढे ठेविला आणि बोलिले, "एवढी." हैबतजी म्हणाला, "पंत, हीत शीतदेखील मावायचे नाही." पंत म्हणाले, "शिताचे वचन कोणी दिले, गाढवा? वचन पळीचे आहे."

हैबतजीची बायको भागू त्याच विणकरखान्यात मागावर होती. ती म्हणाली, "तुमची पळी साल दर साल लहान होते, आणि माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. यंदा रांगेत पडले तर?" आणि रांगेत जो पडेल त्याचे नाव खारीज, कारण पडलेल्यास थाळा धरता येत नाही, ऐसा कायदा. हैबतजीने सुईच्या टोकाने तीन दिवस पळी घडविली, आणि मग कोंबड्यांस हाकलले.

पाडव्यास रांगेत भागू अकरावी, थाळा छातीशी. पंतांनी चिमटीत पळी धरिली, आणि कढईवर नेली, आणि वाफेने पंतांस शिंक आली. पळी कढईत गेली. वाढण्याचा मुहूर्त टळल्यास राजवचन मोडते, आणि वचन मोडणाऱ्याचे डोके जाते. पंत पांढरेफटक पडले. भागूचा गुडघा वाकला. पंत कढईपाशी पोते घेवोन उभ्या हैबतजीस म्हणाले, "दुसरी आहे काय रे?" "आहे जी." "सरकारी शिक्क्याची?" "शिक्क्याचीच." "मग काढ की लौकर, तोंड काय बघतोस!" हैबतजीने पोत्यातून आज्याची पळी काढिली; एक पीस अजोन चिकटलेले. पंतांनी शिक्का पाहिला, आणि पळी पाहिली, आणि स्वतःची मान चाचपली, आणि म्हणाले, "वाढ." कढई अजोन थोरल्या महाराजांच्या मापाचीच होती, उरलेली खिचडी एरवी पंतांच्या म्हशी खात. मग सातशे थाळे भरले, आणि भागूने ऐसा ढेकर दिला की, वीस वर्षांत ढेकर न ऐकिलेल्या पहारेकऱ्यांनी तोफ समजोन वेशीचे दरवाजे लाविले.

मग पळी जप्त जाहली आणि हकीकत रद्द जाहली. दुसरे दिवसापासोन पळीचे चित्र दाखवोन रांग उठविली जाते. भागू चित्रापुढे भिंत धरोन उभी राहते.

तात्पर्य, काही जाहले नाही, आणि जे जाहले नाही ते बहुत चविष्ट होते. हैबतजीने हुजुरांत अर्ज गुदरला तो येणेप्रमाणे: "जी पळी कधी नव्हती ती सेवकास परत मिळावी. कोंबड्या उघड्यावर आहेत, आणि घरचे माणूस फार दिवस उभे राहील ऐसे दिसत नाही. कळावे."