फोटोंचं गोदाम

"आता कुठलाही फोटो मागा, डोळे मिटून काढून देतो!" स्टोअरकीपरसाहेबांनी जाहीर केलं आणि कॉम्प्युटरपुढे ताठ बसले. पंपांच्या कारखान्याचं गोदाम त्यांनी उभी हयात सांभाळलं होतं. तिथे एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, मग घरचे फोटो ते काय!

"बाबांचा हसतानाचा द्या मग पटकन," बायको पर्स खांद्याला लावूनच म्हणाली. "आई निघालीये, आणि फ्रेमवाला दुकान बंद करून गावाला चाललाय."

सासरेबुवांचा हसतानाचा तेवढा एकच फोटो होता. बाकी सगळ्यांत ते फोटो काढणाऱ्यावर खेकसताना दिसत.

साहेबांनी 'माणसे' उघडलं. आत फक्त शेजारचे काका.

"अहो, आपली माणसं कुठे गेली?"

"अगं, गोदामात माल कोणाचा ते बघत नाहीत, वस्तू काय ते बघतात! फोटोत जे ठळक दिसेल, त्या कप्प्यात फोटो."

"आपलं लग्न?"

"खुर्च्या."

"ताईचं बाळ?"

"बादल्या. आंघोळ चालली होती ना त्याची!"

"आणि मी वर्षावर्षाचे फोल्डर केले होते ते?"

"मोडले. उगीच पसारा!"

बायकोने पर्स आपटली. आईने आजवर लेकीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागितला तो हा एक फोटो. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. साहेबांना घाम फुटला. 'शिड्या', 'छत्र्या', 'पंखे'... माऊस नुसता सैरावैरा पळत होता. तेवढ्यात बेल वाजली!

"सापडले का हे?" सासूबाईंनी चपला काढता काढता विचारलं.

"आई, बाबा कशाजवळ उभे होते गं त्यात?"

"त्या मोडक्या स्कूटरजवळ. एकदाची सुरू झाली म्हणून तर हसले!"

साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कप्पा आठवला होता. पण तो या बाईंसमोर उघडायचा? इलाजच नव्हता. त्यांनी श्वास रोखून क्लिक केलं. स्क्रीनवर ठसठशीत अक्षरं आली: 'भंगार'. खाली सासरेबुवा, दिलखुलास हसत.

बायकोने झडप घालून फोटो पेनड्राइव्हवर घेतला. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले, चष्मा सारखा केला आणि आणखी जवळ सरकल्या.

"जावईबापू, आणि मला कुठल्या कप्प्यात ठेवलंय हो?"

ते साहेबांना तोंडपाठ होतं. त्यांनी वाकून कॉम्प्युटरची वायरच उपटली.