आबांचा मिशीवाला वकील

वकील कसा निवडावा हे आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान आबांचं तसं म्हणणं होतं, आणि आबांचं म्हणणं मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं. उभं आयुष्य गिरणीच्या मागखात्यात गेलेलं. एका छपराखाली शेकडो माग एकदम खडखडायचे. तिथे माणूस एक तर ओरडायला शिकतो नाहीतर समोरच्याचे ओठ वाचायला. आबा दोन्ही शिकले. कान तेवढे गिरणीतच ठेवून आले.

"वकिलाचं तोंड बघायचं!" दारातल्या पायरीवर बसून ते गरजले. "बाकी काही नाही! तोंड बघूनच कंपनीला घाम फुटला पाहिजे!"

तसं तोंड त्यांना मिळालं. म्हणजे वरचं अर्धं मिळालं. खालचं अर्धं मिशीखाली होतं. आणि मिशी तरी कशी? नाकाखालून निघायची, दोन्ही ओठ गिळायची आणि हनुवटीवर येऊन विसावा घ्यायची. वकीलसाहेब चहा प्यायचे तेव्हा कप मिशीत शिरायचा आणि रिकामा होऊन बाहेर यायचा. एकदा तिच्यात पेन हरवलं ते पुढच्या तारखेला सापडलं, असं त्यांचा टायपिस्ट शपथेवर सांगतो. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण टायपिस्ट खोटं का बोलेल?

प्रकरण पेन्शनचं होतं. कामामुळे बहिऱ्या झालेल्या विणकराला वाढीव पेन्शन आणि कानाचं यंत्र द्यायचं, हा कंपनीचाच नियम. आबांचा अर्ज मात्र कंपनीने परत धाडला. त्याचं असं झालं, की कंपनीच्या डॉक्टरने आबांच्या कानांवर टोपणं चढवली आणि सांगितलं, "आवाज आला की बटण दाबा." आबांना कसला आवाज येतोय! पण हा डॉक्टर आवाज सोडण्याआधी डावी भुवई उडवायचा. भुवई उडाली की आबांनी बटण दाबलंच! एकदाही चुकले नाहीत. घरी येऊन छाती फुगवून म्हणाले, "पैकीच्या पैकी!" शाळेत कधी न मिळालेला पहिला नंबर असा म्हातारपणी मिळाला आणि वाढीव पेन्शन बुडाली.

यंत्र त्यांना बातम्या ऐकायला नको होतं. बायकोला ऐकायला हवं होतं. लग्न झाल्यापासून ती आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि आबांना सगळं कळायचं. त्यांची भांडणंसुद्धा शेजाऱ्यांची झोपमोड न करता व्हायची. निम्मी, म्हणजे तिच्या बाजूची. पण हल्ली तिचे पुढचे दात पडायला लागले होते. एक दात पडला की ओठ थोडे आत जायचे, आणि आबांच्या हातून तिचे आणखी काही शब्द कायमचे निसटायचे. पुढचे दोनच दात उरले होते. आबा कुणाला बोलले नाहीत, पण रोज सकाळी ती चूळ भरताना ते हळूच बघून घ्यायचे: आहेत ना दोन्ही?

"मी येते वकिलाकडे," ती म्हणाली. "ते काय बोलतात ते तुम्हाला सांगेन."

"बायकोचा पदर धरून जाऊ? लोक काय म्हणतील!"

"लोक म्हणतील ते तुम्हाला कुठे ऐकू येणार आहे!"

रागावली की तिचे ओठ अजून स्पष्ट हलायचे, म्हणून एवढं तरी कळलं. आबा एकटेच गेले.

वकीलसाहेबांनी बोलायला सुरुवात केली. मिशी हलली. वाऱ्यावर झुडूप हलावं तशी हलली, थांबली, पुन्हा हलली. आत कुठेतरी ओठ असणार, पण आबांना एक अक्षर दिसेना! 'साहेब, कळलं नाही' म्हणावं, तर समोर टायपिस्ट, बाकावर आणखी दोन पक्षकार. एवढा थोरला वकील लावला आणि त्याचं बोलणं समजत नाही म्हणायचं? आबांनी गंभीर चेहरा केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या खेपेला डोलावली. तिसऱ्या खेपेला तर मधेच "बरोबर आहे!" असंही म्हणाले.

"असा समजूतदार पक्षकार जन्मात पाहिला नाही," वकीलसाहेब टायपिस्टला म्हणाले.

साहेब काय सांगत होते ते आबांना कळलं नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. ते सांगत होते, की आबा, मोठ्या इस्पितळात जाऊन कान पुन्हा तपासून घ्या आणि तो कागद मला आणून द्या. सुनावणीला कंपनीच्या माणसाकडे अजिबात बघू नका. आणि काही झालं तरी उत्तर देऊ नका! शेवटच्या भेटीत तर ते उठून उभे राहिले, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "ही केस हरलो तर मिशी उतरवीन!"

आबांना वाटलं, मिशी कशी वाटते, असं विचारताहेत. त्यांनी बोटं जुळवून 'झकास' अशी खूण केली.

सुनावणी झाली पेन्शन कचेरीत. बाहेरच्या बाकावर जुने विणकर तारखेची वाट बघत बसलेले. दर तारखेला त्या बाकावर थोडी जास्त ऐसपैस जागा व्हायची. कंपनीला घाई नव्हती, ती का नव्हती हे तो बाकच सांगायचा.

आत टेबलामागे मॅडम होत्या. त्याच निकाल देणार. एका बाजूला वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला कंपनीचा कामगार अधिकारी. याचे गाल असे गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी. जाड ओठ, आणि प्रत्येक शब्द तोंडातून ताटात वाढल्यासारखा! आबांना भडभडून आलं. वकिलाकडे खेपा घालून घालून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आज कुणीतरी माणसासारखं बोलत होतं.

"या आबा! येताना त्रास नाही ना झाला?"

"छे छे! बसमध्ये खिडकी मिळाली!"

"पंखा लावू?"

"नको, मान धरते!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. वकीलसाहेब खोकले. आबांकडे बघून त्यांनी हात हलवले, डोळे वटारले, मिशी तर वादळात सापडल्यासारखी उडाली. आबांना वाटलं, शाब्बास म्हणताहेत. ते सरसावून बसले.

अधिकारी पोचलेला होता. तो आपल्या कारकुनाकडे वळला आणि त्याच्या कानाशी लागून पुटपुटला, "याच्या मागाचं कापड नेहमी परत यायचं. सगळं भोकाभोकाचं!"

"कोण म्हणतो!" आबा खुर्चीतून ताडकन उठले. "माझ्या कापडात भोक? अरे, तुझ्या अंगातला सदरा विणणाऱ्याला मी मागावरचा धोटा धरायला शिकवलंय!"

खोलीत शांतता पसरली. ती तेवढी आबांना कळली नाही.

"मॅडम," अधिकारी नम्रपणे म्हणाला, "मी कारकुनाच्या कानात बोललो होतो."

"ते ओठ वाचतात!" वकीलसाहेब ओरडले. "मॅडम, तुम्ही तोंड झाकून विचारा! एक शब्द कळला तर माझं नाव बदला!"

मॅडम न्यायी होत्या. त्यांनी आधी सरळ विचारलं, "नाव?" आबांनी नाव सांगितलं. मग त्यांनी फाईल तोंडासमोर धरली. आबांना वाटलं, बाईंना जांभई आली. मोठ्या माणसांची जांभई संपेपर्यंत गप्प बसण्यापेक्षा काम पुढे नेलेलं बरं! आणि जगातल्या कुठल्याही कचेरीत नाव झालं की पुढे काय येतं, हे काय कुणी सांगायला हवं? आबांनी खणखणीत आवाजात वय सांगितलं.

मॅडमनी वयच विचारलं होतं.

त्यांनी फाईल खाली ठेवली आणि निकाल लिहिला. तोंड झाकूनही अर्जदाराला ऐकू येते, अर्ज फेटाळला. मग आबांकडे बघून मायेने म्हणाल्या, "या वयात असे कान कुणाचे असतात? नशीबवान आहात."

"आभारी आहे," आबा म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. अर्थ लागला तो उंबऱ्याबाहेर आल्यावर.

बाकावरच्या दोस्ताने आवाज न करता ओठ हलवले, "काय झालं रे?"

आबांनीही नुसते ओठ हलवले, "पैकीच्या पैकी."

दोन दिवसांनी ते वकिलाकडे गेले तर खुर्चीत कुणी परकाच माणूस बसलेला. पांढरेफटक ओठ, वर्षानुवर्षं ऊन न पाहिलेले.

"वकीलसाहेब कुठायत?" आबांनी विचारलं.

"आबा, मीच तो! बोललो होतो ना, हरलो तर मिशी उतरवीन? तुम्ही वर 'झकास' म्हणालात!"

शब्दन् शब्द दिसला! आबा मटकन खाली बसले. समोरचे ओठ बोलत राहिले. इस्पितळातला कागद, बघू नका, उत्तर देऊ नका... तीन खेपांचं सगळं बोलणं आबांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"साहेब," ते आयुष्यात प्रथमच हळू आवाजात म्हणाले, "मिशीमुळे मला तुमचं एक अक्षर कळलेलं नाही. मी नुसती मान डोलावत होतो."

वकीलसाहेब टुणकन उडाले. "अहो, मग हाच पुरावा! याहून मोठा पुरावा कुठला? स्वतःच्या वकिलाचं एक अक्षर ज्याला कळत नाही, तो बहिराच! आत्ता जाऊ मॅडमकडे! या मिशीतून मी बोलतो आणि..."

त्यांचा हात पीळ द्यायला वर गेला. तिथे काहीच नव्हतं. पुरावा न्हाव्याने केरात टाकला होता.

आता अपील करायचंय. त्यासाठी मिशी वाढवणं चालू आहे. आबा आठवड्याला एक खेप घालतात, ओठांकडे निरखून बघतात आणि मान हलवतात, "अजून दिसताहेत, साहेब!"

परवा घरी आले तर बायको दारात उभी होती. पुढच्या दोनांपैकी एक दात तिच्या तळहातावर होता. इस्पितळाची तारीख तिनेच जाऊन घेतली होती. या खेपेला ती बरोबर जाणार होती. हे सगळं तिने त्यांना सांगितलं, सावकाश, दोनदा. मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कळलं नसेल तर नाही म्हणा. उगीच मान डोलावू नका, समजलं?"

आबांनी जोरात मान डोलावली.