मामांचे बूट आणि मामींची ट्राम

मामांची ओळख मामांनीच करून दिलेली बरी, कारण दुसऱ्या कोणाला ते ती करूच देत नाहीत. "माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. नोकरीभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले, त्यातूनच माणसं वाचायची विद्या आली, हे दुसरं. तिसऱ्या वाक्यापर्यंत भाचा सहसा पाणी प्यायला उठतो. भाच्याला टक्कल पडू लागलं होतं, पण मामांनी लहानपणी दिलेल्या गुप्तहेराचा मदतनीस या पदावरून त्याची काही सुटका झाली नव्हती.

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस होता. अख्ख्या सहलीत मामींनी एकच गोष्ट मागितली होती, वाहनांच्या संग्रहालयातल्या जुन्या ट्राममध्ये बसायचं. त्यांचे वडील ट्राम चालवायचे आणि लहानपणी घंटा वाजवायला मामींना शेजारी उभं करायचे. पुढे ट्राम बंद झाल्या, वडीलही गेले. इथली ट्राम दिवसातून एकदाच, संध्याकाळी आवारात फेरी मारायची. मामी सकाळपासून सारखं घड्याळ बघत होत्या.

आणि फेरीची वेळ होत आली असताना, नेमकं विमानांच्या दालनात मामांचं लक्ष खाली गेलं. पायांत नुसते मोजे होते.

"चोरी," मामा शांतपणे म्हणाले. "चालत्या माणसाच्या पायांतून बूट काढलेत. हाताला काय सफाई असेल बघ."

बूट शेवटचे कधी पाहिले होते, असं भाच्याने विचारलं. गुप्तहेर समोर बघतो, खाली नाही, असं उत्तर मिळालं. मग मुंग्या कुठे दिसतात, हे भाच्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

पहिला संशय शेजारच्या दालनातल्या माणसाएवढ्या लोहचुंबकावर गेला, कारण बुटांच्या टाचांना खिळे होते. मामा त्याच्यासमोर उभे राहिले, पण खिशातली किल्लीसुद्धा हलली नाही. चुंबक बंद होतं. मामांच्या मते ते पुरावा दडपण्यासाठीच बंद केलेलं होतं.

दुसरा संशयित वाफेच्या इंजिनाशी उभा होता. मिशा, गणवेश, हातात झेंडा. मामांनी त्याची मराठीत कसून उलटतपासणी घेतली.

"बघ, पापणीसुद्धा लवत नाही. सराईत आहे."

"मामा, तो मेणाचा आहे."

"तरीच घाम फुटत नाहीये," मामा म्हणाले, पण त्यांनी त्याला निर्दोष काही ठरवलं नाही.

तेवढ्यात बाहेर ट्रामची पहिली घंटा वाजली. मामींनी पदराने डोळे टिपले. भाच्याला मामांचा राग आला, अगदी खराखुरा. तसंच मोज्यांवर चला म्हणून त्याने विनवलं. गुन्हेगार हाती आल्याशिवाय आपण हलणार नाही, असं मामांनी जाहीर केलं.

"अहो," मामी म्हणाल्या, "मघाशी आत जाऊन पाहिला, त्या राजेशाही रेल्वेच्या डब्यात गालिचा होता ना?"

गालिचा होता. तांबडा. आणि डब्याच्या दाराबाहेर मामांचे बूट टाचेला टाच लावून उभे होते. मीटर वाचायला लोकांच्या घरांत शिरताना मामांनी आयुष्यभर दाराशी पायताण काढलं होतं. आता पाय त्यांना विचारतसुद्धा नसत. एक जोडपं त्या बुटांचा मन लावून फोटो घेत होतं.

"चोर घाबरून ठेवून गेला," मामा बूट चढवत म्हणाले. "मी मागावर आहे हे कळलं असणार."

तिघंही धावत सुटले. ट्राम हलायच्या बेतात होती. आधी मामी चढल्या, मग भाचा, सगळ्यांत शेवटी मामा. आतली लाकडी जमीन आरशासारखी चकचकीत होती. मामींची नजर घंटेच्या दोरीवर खिळलेली पाहून चालकाने त्यांना पुढे बोलावलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. मामींनी ती ओढली. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला भाच्याने कधी पाहिला नव्हता.

मामा मागच्या बाकावर शेजारच्या परक्या बाईंना प्रकरणाचा छडा कसा लावला ते सांगत होते. पुढे मामींशेजारी उभ्या भाच्याने सहज खिडकीबाहेर पाहिलं. मागे पडणाऱ्या फलाटावर, टाचेला टाच लावून, बूट उभे होते.

त्याने तोंड उघडलं. मामींनी त्याचा दंड धरला. त्यांनीही पाहिलं होतं.

"गप्प बस," त्या हळूच म्हणाल्या. "फेरी पुरी होऊ दे."

आणि त्यांनी पुन्हा घंटा वाजवली.