जेवायला कधीतरी याच!

इंग्रज माणूस बोलतो काय आणि त्याच्या मनात असतं काय, हे माझ्याइतकं कळणारा माणूस दक्षिणेकडच्या आमच्या अख्ख्या सरे परगण्यात असेल, तर त्याला माझ्यासमोर उभा करा! जन्म गेला माझा नगरपालिकेत. 'नाही' हा शब्द न उच्चारता लोकांना हसतमुखानं घरी पाठवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून आमच्या एकुलत्या एका लेकीनं, इमोजननं, यूस्ट नावाचा डच मुलगा पसंत केला, तेव्हा त्याला तयार करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

मुलगा लाखात एक. उंच, हसरा, कामसू. दोष एकच. मनात येईल ते बोलायचा! पहिल्याच दिवशी मी कौतुकानं विचारलं, "कसा वाटला आमचा बगीचा?"

"लहान आहे," म्हणाला.

माझी बायको हिलरी पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

कारण पुढे गाठ होती एनिड मावशीशी! ही हिलरीची मावशी, ऐंशी ओलांडलेली, तिकडे उत्तरेत यॉर्कशरच्या एका खेड्यात राहते. हिलरीच्या माहेरचा रिवाज असा, की लग्नाचा सुक्या मेव्याचा केक करायचा तो एनिड मावशीनंच. नवरामुलगा पसंत पडला तर केक, नाहीतर नाही! हिलरीच्या एका चुलतबहिणीच्या वेळी मावशीनं नाक मुरडलं, केक दुकानातून आणावा लागला, आणि ते लग्न वर्षभरसुद्धा टिकलं नाही. इमोजननं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "बाबा, मावशीआजीचा केक नसेल तर मी लग्नाला उभीच राहणार नाही!"

मग काय, स्वयंपाकघरात चहाच्या किटलीसमोर मी शिकवणी सुरू केली.

"ऐक यूस्ट. 'मांजरं-कुत्री पडताहेत' म्हणजे मुसळधार पाऊस. 'डुकरं उडतील तेव्हा' म्हणजे कधीच नाही. आणि काम फत्ते झालं की म्हणायचं, 'बॉब तुझा काका!'"

"बॉब कोण?"

"कुणालाच माहीत नाही. पुढे ऐक. 'वाईट नाही' म्हणजे काय?"

"वाईट नाही."

"चूक! 'वाईट नाही' म्हणजे फर्मास! 'बरं आहे की' म्हणजे टाकाऊ. 'विचार करतो' म्हणजे विसर. 'तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो' म्हणजे 'गाढवा!' कुणी खायला पुढं केलं की आधी नको म्हणायचं. ते आग्रह करतात, मग घ्यायचं."

"भूक लागली असली तरी?"

"मग तर दोनदा नको म्हणायचं! आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'जेवायला याच हं' असं कुणी म्हटलं, तर 'अहाहा, फार आवडेल!' म्हणायचं आणि चुकूनही त्या बाजूला फिरकायचं नाही."

"मग बोलावतात कशाला?"

"येऊ नये म्हणून!"

यूस्टनं भक्तिभावानं मान हलवली. हिलरी म्हणाली, "अरे डेस्मंड, ही नाटकं तुमच्या सरेत. आमच्या यॉर्कशरात माणसं जे बोलतात तेच—"

"हिलरी, इंग्लंड एकच आहे," मी म्हटलं, आणि तो विषय मिटवला.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं मावशीच्या खेड्यात पोचलो. तिचं घर टीचभर, म्हणून जवळच्याच गेस्टहाऊसमध्ये सामान टाकलं आणि चहाला तिच्याकडे गेलो. मावशीनं यूस्टला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्याच्यापुढे पार्किन ठेवला. हा तिकडचा आल्याचा, काळपट केक. यूस्टनं घास घेतला.

"कसा झालाय?" मावशीनं विचारलं.

इमोजननं माझा हात घट्ट धरला.

"वाईट नाही," यूस्ट म्हणाला.

मावशी चक्क हसली! तिथंही ही स्तुतीच हो! मी हिलरीकडे असं पाहिलं, की तिनं नजर वळवली.

"आणखी घे," मावशी म्हणाली.

"नको, नको."

"बरं," म्हणून मावशीनं ताट उचलून आत नेलं. यूस्ट त्या ताटाकडे बघतच राहिला, दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत. पण एवढ्या तेवढ्यानं काय बिघडतं! आम्ही गाडीकडे निघालो, मावशी दारात यूस्टशी दोन शब्द बोलली, तो "अहाहा, फार आवडेल!" म्हणाला, आणि बॉब तुझा काका! मी मनातल्या मनात केक कापायलासुद्धा घेतला.

रविवारी हिलरी आणि इमोजन चर्चमधली फुलांची सजावट बघायला गेल्या. यूस्ट माळरानावर फिरायला गेला. मी गेस्टहाऊसच्या दिवाणखान्यात पेपर वाचत पाय ताणून बसलो होतो. दुपारी फोन वाजला.

"पोरगा कुठाय?" एनिड मावशी!

"कोणता पोरगा?"

"तुझा डच! काल सांगितलं त्याला, उद्या एक वाजता जेवायला ये, एकटा ये, मला तुझ्याशी बोलायचंय. फार आवडेल म्हणाला! इथं माझं पुडिंग ओव्हनमधून असं टम्म फुगून बाहेर आलंय, आणि तो नाही! आता बसायला लागेल ना ते!"

यॉर्कशर पुडिंग म्हणजे रविवारच्या रोस्ट मांसाबरोबरचा टम्म फुगलेला पाव, आणि यॉर्कशरात तो थंड होऊ देणं म्हणजे घोर अपमान! खरं बोललो असतो तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण मी पडलो सरेचा!

"मावशी, त्याला जरा... बरं वाटत नाहीये."

"काय होतंय?"

"पोट."

"माझ्या पार्किननं?"

"नाही, नाही! पाय! पाय दुखतोय!"

"पोट की पाय?"

"पोटापासून पायापर्यंत!"

"येते मी," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी जिना तीन-तीन पायऱ्या गाळत चढलो. यूस्टच्या पलंगावर दोन उशा लांबीत मांडल्या, पुरल्या नाहीत. उंच ना तो! म्हणून खालून सोफ्याचा लोड आणला, वर रजई ओढली, डोक्याच्या जागी लोकरी टोपी ठेवली. पडदे ओढतोय तोच जिन्यावर पावलं वाजली. मावशी! एका हातात रोस्ट-पुडिंगचं झाकलेलं ताट, दुसऱ्या हातात गरम पाण्याची पिशवी. मागोमाग हिलरी आणि रडकुंडीला आलेली इमोजन. मावशीला वाटेतच भेटलेल्या.

"शूऽऽ! आत्ताच डोळा लागलाय," मी दार अडवून म्हटलं.

"सरक," मावशी म्हणाली. तिनं रजईखाली पिशवी सारली, आणि जिथं गुडघा असायला हवा तिथं मायेनं दाबून पाहिलं. "अगंबाई! किती सुजलाय!"

"यूस्ट!" इमोजननं हंबरडा फोडला.

"काय?" दारातून आवाज आला.

दारात यूस्ट! गाल लालबुंद, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं आमच्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि विचारलं, "डेस्मंड, माझ्या पलंगावर कोण झोपलंय?"

मावशीनं एका झटक्यात रजई ओढली. सगळे सोफ्याच्या लोडाकडे बघत राहिले.

"तू आजारी नाहीस?"

"नाही. मस्त फिरून आलो."

"मग जेवायला का नाही आलास?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून," यूस्ट म्हणाला. "बोलावलं की जायचं नसतं, असं डेस्मंडनी शिकवलंय."

चार डोकी माझ्याकडे वळली. मी लोकरी टोपीची घडी घालायला लागलो. टोपीची घडी होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मावशी खुर्ची ओढून बसली. "ते राहू दे. आता याचं काही न ऐकता सांग. माझा पार्किन कसा होता?"

इमोजननं डोळे मिटून घेतले. मी यूस्टला डोळ्यांनी, भुवयांनी, सगळ्या तोंडानं खुणावत होतो, 'फर्मास म्हण, फर्मास!'

"कोरडा होता," यूस्ट म्हणाला. "एका बाजूनं करपलेला. पण आणखी एक तुकडा मला हवा होता. सकाळपासून त्याचाच विचार करत चाललो होतो."

संपलं! केक गेला, लग्न गेलं, लेकीनं जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. मावशीनं यूस्टला पुन्हा एकदा आपादमस्तक न्याहाळलं. आणि मग मांडीवर थाप मारून एवढ्यानं हसली, की खालून कुणीतरी विचारायला आलं!

"वर्ष झालं माझा ओव्हन बिघडून! एका बाजूला जाळतो मेला! गावभर पार्किन वाटला, सगळे आपले 'अप्रतिम, अप्रतिम'! हा डेस्मंड तर नाताळात तीन तुकडे खाऊन 'अमृत' म्हणाला! इमोजन, पोरी, हा मुलगा सोडू नकोस. केक मी करणार!"

मी खिडकीबाहेर नजर टाकली. डुकरं उडताहेत की काय! इमोजन एकदम सगळ्यांच्याच गळ्यात पडली, आणि यूस्टनं उभ्याउभ्याच बसकं पुडिंग खायला सुरुवात केली.

"बॉब तुझा काका!" मी ओरडलो.

"थांब जरा," मावशी माझ्याकडे वळली. "दर नाताळला निघताना तू मला म्हणतोस, 'मावशी, आमच्याकडे चांगलं दोन-तीन महिने राहायला याच!' ते काय होतं रे?"

यूस्ट घास थांबवून उत्सुकतेनं माझ्याकडे बघायला लागला. त्याला उत्तर येत होतं!

"ते... अगदी मनापासून, मावशी!" मी म्हटलं.

"मग झालं तर! या ओव्हनवर लग्नाचा केक व्हायचा नाही. तुमच्याकडे करते. पुढे लग्नापर्यंत मुरवायचा, दर आठवड्याला ब्रँडी पाजायची. तोवर राहते. परवाच निघू."

"अहाहा," मी म्हटलं, "फार आवडेल!"

केक आमच्या फडताळात झिंगत मुरतोय. मावशी माझ्या अभ्यासिकेत मुरली आहे. माझी खुर्ची तिची झाली, माझा रेडिओ तिचा झाला, आणि माझ्या बगीच्यात तिनं आंबट देठांचा र्‍हुबार्ब लावलाय. काल यूस्टनं हळूच विचारलं, "डेस्मंड, कसं चाललंय?"

"बरं आहे की," मी म्हटलं. त्यानं सहानुभूतीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. शिकलाय हो पोरगा!

असो. वाचकहो, तुम्ही कधी आमच्या बाजूला आलात तर जेवायला याच हं, अगदी कधीही! आम्हाला फार—

"कधीही म्हणजे कधी?" माझ्या खांद्यावरून वाचत एनिड मावशी म्हणतेय. "नीट लिही. रविवारी, एक वाजता. आणि वेळेवर या म्हणावं, पुडिंग थांबत नाही!"